धुमालवाल्याचा गुरू कोण?

गेली तीस-बत्तीस वर्षं मी उलटा प्रवास करतो आहे. हे अध्यात्म नाही, कामाची पद्धत आहे. आमची मेटाडोर पुढे जाते आणि मी तिच्या मागच्या फळीवर, मागे तोंड करून, मांडीवर बँजो घेऊन बसतो. माझ्या समोर नाचणारे लोक, त्यांच्या मागे नवरदेव नाहीतर गणपती. आपण कुठून आलो हे मला अगदी स्पष्ट दिसतं. कुठे चाललो ते ड्रायव्हरला ठाऊक. गोंदिया जिल्ह्यातली निम्मी गावं मी अशीच पाहिली. घरं आधी खांद्याजवळून सरकतात आणि मग डोळ्यांसमोर येतात.

मी धुमालवाला आहे. हे वाक्य छापील अक्षरांत लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

ज्यांना धुमाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका मेटाडोरवर सात-आठ माणसं चढवायची. एक बँजो, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, दोन ढोल, दोन ताशे आणि एक जनरेटर, जो स्वतःला आठवा कलाकार समजतो. आमचा बँजो म्हणजे तारांची पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, आत विजेची जोडणी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. वरात, गणपती, दुर्गा, दर्ग्याचा संदल, निवडणुकीतला विजय, आम्ही सगळीकडे. आमच्याकडे कोणत्याही देवाला बंदी नाही आणि पडलेल्या उमेदवाराने अजून बोलावलेलं नाही.

याला लोक डीजे म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. डीजेत गाणं आधीच कोणीतरी गाऊन ठेवलेलं असतं. धुमालात प्रत्येक सूर त्या क्षणी कोणाच्या तरी बोटातून निघतो, आणि चुकला तर सगळ्या गावासमोर चुकतो. आवाज मोठा असतो, हे मी नाकारत नाही. माझा उजवा कान त्यातच गेला. बायको त्या बाजूने बोलायला आली की मी हातवाऱ्यांवरून विषय ओळखतो. दवाखाना, शाळा आणि मयत झालेलं घर आलं की हात थांबवायचे हा आमच्या पार्टीचा नियम आहे. तो दोन-तीनदा मोडला गेला, त्याचं वाईट अजून वाटतं. पार्टीचं नाव इथे देत नाही, कारण ते बायकोच्या नावावरून आहे आणि तिने छापायला सक्त मनाई केली आहे.

पण हे प्रेम कसलं, ते सांगतो. ताशा आणि बँजो एका जागी येऊन बसले की समोरचे शंभर अनोळखी पाय एकदम खाली पडतात. ते पाडणारा मी असतो. मी राहतो त्या कुडव्याच्या चौकात एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन, तोंड वाकडं करून आमच्याकडे बघत उभी होती. "काय हा गोंधळ," असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. गाडी पुढे सरकली तशी तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीसकट दोनच पावलं टाकली. दोनच. मग पुन्हा तोंड वाकडं करून घरी गेली. त्या दोन पावलांसाठी मी आणखी एक कान द्यायला तयार आहे.

आता खरी गोष्ट. लोक विचारतात, "बँजो कोणापाशी शिकले?" मी म्हणतो, "आपोआप."

हे खोटं आहे.

बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात आमचे गुरुजी राहतात. शाळेत प्राथमिक शिक्षक, घरी पेटी आणि तबला. माझं गाव तिथून दोन कोसांवर. अकराव्या वर्षापासून मी सायकल मारत त्यांच्याकडे जात होतो, ते सतराव्या वर्षापर्यंत. त्यांनी माझ्याकडून एक शब्द न बोलता काम करून घेतलं. मी पेटी वाजवायची, ते डोळे मिटून मांडीवर बोटांनी मात्रा मोजायचे. बरोबर आलं की डोळे मिटलेलेच. चुकलं की उघडायचे. सहा वर्षं मी त्यांच्या पापण्यांना घाबरलो.

एकोणिसाव्या वर्षी धुमालात शिरलो. पहिल्याच वर्षी दुर्गाविसर्जनाला आमची गाडी गुरुजींच्याच गावात. दुपारचं ऊन, तलावाची पाळ, पाळीवर गावकरी आणि त्यांत गुरुजी. मी जीव तोडून वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाया पडायला गेलो. ते अंगणात दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, पंच्याला तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाहेर कोणाले सांगू नोको, माह्यापाशी शिकला म्हणून."

एवढंच. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते उघड दिसत होतं. शुद्ध सुरांच्या माणसाला मेटाडोरवरचा शिष्य नको होता. मी त्यांची आज्ञा पाळली. गुरूचं नाव विचारलं की आपोआप, धंदा विचारला की "संगीताचं काही काही करतो." मुलाच्या शाळेच्या अर्जावर सुद्धा 'कलावंत' लिहिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे नाटकात काम करता?" मी हो म्हणालो. त्यातही फार खोटं नव्हतं.

बायकोने मला प्रतिष्ठित करायचे बरेच प्रयत्न केले. कुडव्यात आमच्या गल्लीत भजनी मंडळ आहे. तिने मला तिथे पेटीवर बसवलं आणि ओळख करून दिली, "आमचे हे संगीतप्रेमी आहेत." दोन गुरुवार छान गेले. तिसऱ्या गुरुवारी भजन रंगात आलेलं, गाणारे एक निवृत्त हेडक्लार्क साहेब, आणि बाहेरच्या रस्त्यावरून दुसऱ्या एका पार्टीचं धुमाल निघालं. आमच्या पेटीच्याच पट्टीत. माझं मन भजनात होतं, देवाशपथ सांगतो. पण बोटं माझं ऐकत नव्हती. ती हळूच भजनातून उतरली आणि वरातीत जाऊन मिसळली. वाईट हे, की साहेबांनी दोन ओळी त्याच ठेक्यात गायल्या, मान हलवत गायल्या, आणि बायकांच्या टाळ्या दुप्पट झाल्या. मग सगळ्यांना एकदम कळलं.

घरी येताना बायको म्हणाली, "देवाले नाचवून राहिले होते काय?"

"नाचला असता तर तुझ्याच मंडळाचं नाव झालं असतं," मी म्हणालो. चौथ्या गुरुवारी पेटीवर दुसरा माणूस होता.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. सडक अर्जुनीकडे एका गावात डोमाजी नावाचे म्हातारे शेतकरी आहेत. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि तो काल दुपारीच बांधून संपला अशा थाटात ते बोलतात. एका आषाढात ते आमच्याकडे आले. म्हणाले, "तलाव भरून सांडवा वाहिला का धुमाल पायजे."

"तारीख सांगा," मी म्हणालो.

"तारीख मी कायले सांगू? पाण्याले विचार."

असं बिनतारखेचं काम मी कधी घेतलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला तोंडावर नाही म्हणता येईना. महिन्याभराने सकाळी सकाळी फोन. "वाहून राहिला! या लवकर!" आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी सांडव्यावरून चकाकत उतरत होतं आणि खालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणी चालू होती. वीस-पंचवीस बायका ओणव्या, हातात धानाची रोपं. आम्ही पाळीवर सुरुवात केली. पुरुष नाचले. बायका काही वर आल्या नाहीत, रोवणी कोण टाकून येणार? पण पाहतो तर सगळ्यांचे हात ताशावर पडू लागलेले. रोप चिखलात, ठेका. रोप चिखलात, ठेका. इतकं सुंदर नाचणं मी पाहिलेलं नाही. त्यात एकीचंही पाऊल जागचं हललं नव्हतं.

अर्ध्या तासाने त्यांतली एक आडदांड बाई कंबर धरून उभी राहिली आणि ओरडली, "ओ बाजावाले! हळू वाजवा ना गा! रोवणी हाये का रेस हाये?"

सगळे हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, हे पुढे कळलं.

गेल्या वैशाखात सडक अर्जुनीच्या एका वरातीचं काम आलं. नवरदेवाच्या काकांनी ठरवलं होतं. लग्न मुलीच्या गावी, मुहूर्त भरदुपारचा. गाव कुठलं, तर "बोदलकशाकडं." तिकडे गावं पुष्कळ, मी काही खोलात गेलो नाही. लग्नाच्या सकाळी गाडीत सामान चढवताना काकांनी गावाचं नाव घेतलं आणि वर म्हणाले, "जोरदार होऊ द्या. पोरीचे आबाजी संगीतातले मोठे गुरुजी आहेत."

नवरी माझ्याच गुरुजींची नात होती; मी हातातला बँजो खाली ठेवून फळीवर बसून राहिलो.

आमचे ड्रायव्हर सलीमभाई. अर्धं आयुष्य नागपूर-रायपूर रस्त्यावर ट्रक चालवला, गेली पंधरा वर्षं आमची मेटाडोर माणसाच्या चालीने चालवतात. ते म्हणाले, "क्या हुआ मास्टर? शक्कर कम हुई क्या?"

"सलीमभाई, आज माझ्याशिवाय जमेल?"

"बिना बँजो का धुमाल? फिर तो लोग समझेंगे जनरेटर की बारात है।"

कीबोर्डवाल्याचा काळा चष्मा मागून घेतला. दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळला. वैशाखाचं ऊन, कोणाला काही वाटलं नाही. गावाच्या वेशीवरून वरात निघाली. मी पाठमोरा गुरुजींच्या घराकडे सरकत होतो. विहीर मागे गेली, शाळा मागे गेली, पिठाची चक्की मागे गेली. चक्कीनंतर चौथं घर. मी बँजो हळू केला, सभ्य केला, जवळजवळ भजनासारखा केला. लगेच नवरदेवाचा एक मित्र ओरडला, "ओ भाऊ, मयतीत आलो काय बे?"

मग मात्र मी वाजवलं. तोंड झाकलेलंच होतं, नाव तर गुरुजींनी आधीच काढून घेतलेलं होतं, आता गमवायचं काय? लोक असे नाचले की नवरदेवालाही घोड्यावरून उतरावंसं वाटलं. आणि मग माझ्या उजव्या खांद्याजवळून मांडवाची कमान सरकली आणि कमानीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढऱ्या धोतरात गुरुजी.

डोळे मिटलेले. मांडीवर बोटं चालू. मी त्या बोटांकडे पाहत वाजवू लागलो आणि माझ्या लक्षात आलं, की त्यांचं बोट खाली येण्याआधी मी तिथून निघून गेलेलो असतो. दर वेळी. मी थांबायचा प्रयत्न केला, जमेना. गुरुजींचे डोळे उघडले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं, मान हलवली, आणि गाडी पुढे गेली.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि निरोप आला, "बँजोवाल्याले आबाजीनं बलावलं."

आतल्या खोलीत गुरुजी एकटेच पलंगावर बसले होते.

"चष्मा काढ. घरात ऊन नाही."

मी काढला.

"केस गेले सारे?"

"हो गुरुजी."

"अन पळाची सवय तशीच राहिली."

मी पायांवर डोकं ठेवलं आणि तसाच बोललो. "गुरुजी, मले मालूम नव्हतं हे लग्न आपल्या घरचं आहे. अन मी नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांत कोणापाशी एकदाही नाही."

"कोणाचं नाव?"

"तुमचं. धुमाल वाजवतो म्हणून तुम्ही नाही म्हणाले होते ना."

गुरुजींनी मला खांद्याला धरून वर उठवलं. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या मानाने पकड जबरदस्त होती. "धुमालाचं नाव म्या कधी काढलं?"

"मग काऊन नाही म्हणाले?"

"पळवत होता म्हणून! मुखडा बरा घेतला. अंतऱ्यात ताशाच्या पुढं निघाला. तिसऱ्या फेरीत तर असा सुटला, मले वाटलं, गाडीचा बैल उधळला. असा पोरगा माहं नाव सांगन तर लोक म्हणतीन, गुरुजीले मात्रा मोजता येत नाही."

मी तोंडावरचा दुपट्टा सोडला.

"अन हे आयकून ठेव. मले तुहा धुमाल आवडत नाही. डोक्शात हातोडे पडल्यावानी वाटते. पण मले कारलंही आवडत नाही, म्हणून काय ते भाजी नाही? दरसाल विसर्जनाले तू पलीकडच्या गावच्या पाळीवर वाजवते, पाण्यावरून सारं आयकू येते. दरसाल मोजतो. दरसाल पळवते."

या धंद्यात मला आजवर दोनच टीका ऐकायला मिळाल्या होत्या. आवाज कमी करा आणि आवाज वाढवा. इथे एक माणूस न आवडणारं संगीत दर वर्षी, तलावाच्या या काठावर बसून, मात्रा मात्रा मोजून ऐकत होता. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कारण विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी तीस वर्षं लावली.

"बस," गुरुजी म्हणाले. कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट. "तेच वाजव."

वरातीतलं तेच गाणं मी पेटीवर धरलं. मुखडा, अंतरा, दुसरी फेरी, तिसरी फेरी. गुरुजींचे डोळे मिटलेले राहिले. चौथ्या फेरीलाही उघडले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच उघडले आणि ते गोंधळलेले दिसले.

"इथं तर नाही पळवत."

"नाही."

"मग तिथं काय होते?"

मी विचार करू लागलो. मी पाहतो नाचणाऱ्यांच्या पायांकडे. पाय पळाले की बोटं पळतात. पाय का पळतात? गाडी जरा पुढे निघते, मधे अंतर पडतं, लोक ते भरून काढायला पुढे येतात. म्हणजे...

"गुरुजी, मी नाही पळवत. मेटाडोर पळवते."

"सारा दोष गाडीवर नोको टाकू. सहा वर्षं तुले शिकवलं, गाडीले नाही." मग दाराकडे पाहत म्हणाले, "ड्रायव्हर कुठं आहे?"

सलीमभाई पंगतीतून अर्धा भात टाकून आले. हात धुतलेले, चेहरा घाबरलेला. त्यांना वाटलं, गाडी कोणाच्या मांडवाला घासली.

"क्लचवरचा पाय कधी उचलता?" गुरुजींनी विचारलं.

"जी, जब पब्लिक आगे सरकती है। आईने में दिखता है।"

"अन पब्लिक कधी सरकते?"

"जब गाडी सरकती है।"

"अन गाडी?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलीमभाईंकडे पाहिलं. पंधरा वर्षं आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून एकमेकांना पळवत होतो. त्यांच्या आधीच्या ड्रायव्हरबरोबरही हेच झालं असणार, आणि दोष ना धड त्याचा, ना धड माझा. गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी सलीमभाईंना पलंगाच्या कडेवर बसवलं. पायाखाली उशी ठेवली. ती क्लच. मला पेटी. स्वतः तबल्याचा डग्गा मांडीशी ओढला. "सोळा मात्रा. पहिल्या मात्रेले सम म्हणते. समेवर पाय थोडा सोडा, तिथंच दाबा. पब्लिककडं पाहू नका. आरशाले सुट्टी द्या."

"जी उस्ताद।"

"एक, दोन, तीन, चार..."

पहिल्यांदा सलीमभाईंनी सहाव्याच मात्रेवर पाय सोडला. दुसऱ्यांदा बाराव्या. "घाई कायची आहे? रायपूरले जायचं आहे काय?" गुरुजी ओरडले. तिसऱ्यांदा सम नेमकी पडली आणि सलीमभाईंच्या तोंडून "वा!" निघालं, स्वतःच्याच पायाला.

तोवर बाहेर पाठवणीची गडबड सुरू झाली होती. आधी नवरी दारात आली. शालू, मुंडावळ्या, डोळे रडून लाल. "आबाजी, मी चालली! तुम्ही इथं काय करून राहिले?"

"थांब माय, सम येऊ दे."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि रडता रडता हसू लागली. तिच्या मागून नवरदेवाचे काका आले. ते ड्रायव्हरला शोधत होते, गाडी काढायची होती. ड्रायव्हर उशीवर पाय ठेवून, डोळे मिटून बसलेला. बँजोवाला पेटीवर. त्यांना काही उमजेना.

"गुरुजी, ही माणसं तुमच्या ओळखीची?"

गुरुजींनी मोजणं थांबवलं नाही. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. समेवर सलीमभाईंचा पाय सुटला, दबला, माझा सूर त्याच जागी पडला, आणि मग त्यांनी डग्ग्यावरचा हात उचलला.

"हा माहा विद्यार्थी," ते म्हणाले. "सहा वर्षं शिकला माह्यापाशी. पळवते." मग त्यांनी सलीमभाईंकडे बोट केलं. "अन हा आजच लागला. हा शिकंल."